शिंका आणि पांढरा शर्ट

आषाढातल्या एका शुक्रवारी माझी सासरची मंडळी म्हैसूरची चामुंडीची टेकडी पायऱ्यांनी चढतात. मोहिमेचे सेनापती माझे थोरले मेव्हणे. मंडी मोहल्ल्यात त्यांचं शिंप्याचं दुकान आहे. चढणाऱ्यांसाठी ते दरवर्षी एकसारखे पांढरे शर्ट शिवतात, पायथ्याशी शिट्टी फुंकतात आणि शरीर व संकल्प या विषयावर बोलतात. चढण त्या मानाने सोपी असते. गाडीने जाणाऱ्यांना शर्ट नाही. गाडीत दोन म्हाताऱ्या आत्या, नारळांची पिशवी आणि मी.

एका वर्षी मी वाटेतल्या दगडी नंदीपाशी बसलो तो उठलोच नाही, तेव्हापासून ही व्यवस्था. मला शर्ट हवा होता. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकाला हे शोभत नाही, पण हवा होता.

सराव सुरू केला. अडचण नाकाची होती. नवस बोललेल्या बायका पायरीपायरीला हळदकुंकू लावत चढतात. ती पूड उडाली की मला शिंका सुरू. म्हणून रोज निघताना ॲलर्जीची गोळी घ्यायचो. नाक शांत झालं, पाय मात्र होते तिथेच. नंदी दिसला की मांड्या भरून यायच्या. बायको प्रत्येक पायरीला वाकून कुंकू लावत माझ्यापुढे निघून जायची.

मेव्हण्यांची मुलगी मेडिकल कॉलेजात शिकवते. तिला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली.

"अय्यो काका! शिंका आणतं ते हिस्टामिन. गोळी त्यालाच अडवते. पण मेहनत केली की स्नायूसुद्धा हिस्टामिन सोडतात. त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, दमलेल्या स्नायूला जास्त रक्त मिळतं. सरावानं दम वाढतो, त्यात त्याचाही हात असतो."

"म्हणजे गोळीनं माझा घात केला!"

"तसं नाही हो. प्रयोगात हिस्टामिन अडवणाऱ्या दोन जातींच्या गोळ्या एकदम देतात, त्याही मोठ्या डोसात. तुमच्या एका गोळीनं किती बिघडलं, सांगता येत नाही. पोटाकडंही बघा की जरा."

मला पहिला भाग पटला, बायकोला शेवटचा. मला दमा नाही याची खात्री करून घेऊन भाचीने गोळी सोडायला परवानगी दिली, आणि त्याच संध्याकाळी बायकोने म्हैसूरपाकाचा डबा उचलून ठेवला. पुढे मी शिंकत चढू लागलो. माकडं बाजूला होत. हळूहळू मांड्या भरून येणं थांबलं. श्रेय कुणाचं, ते विज्ञानाने ठरवावं.

आषाढ आला. मेव्हण्यांनी माझा शर्ट पिशवीतच ठेवला होता. "भावजी, नंदीपर्यंत न बसता आलात, तर घाला."

आलो. बसलो नाही. त्यांनी सगळ्यांसमोर शर्ट माझ्या अंगावर चढवला आणि तेवढ्यावर न थांबता संकल्पावर बोलायला सुरुवात केली. आमच्या दोघांमध्ये बायको कुंकवाचं ताट धरून उभी होती. मी श्वास रोखून पाहिला. मग शिंकलो.

मेव्हणे डोक्यापासून कमरेपर्यंत लाल झाले. भाषण संपलं. बाकीच्या पायऱ्या मी त्यांच्यापुढे राहून चढलो. ते सुरक्षितही होतं.

देवळापाशी डोळे पुसत ते आधी कानडीत, मग मराठीत म्हणाले, "साकू, पुरे! पुढच्या वर्षी तुम्ही गाडीतनं."

"पण माझे पाय उत्तम आहेत."

"पायांचं कोण बोलतंय, भावजी?"

पुढच्या आषाढात मी दोन आत्यांच्या मध्ये, नारळांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. अंगात पांढरा शर्ट होता.