लासुर्ण्याचे केंद्र आणि आमचे बागवान सर

हा लेख मला लिहावा लागला, कारण गौरव समितीचे घोडे अडले होते. डॉ. निसार बागवान यांनी पंच्याहत्तरीचा सत्कार स्वीकारताना एकच अट घातली. आपण थांबल्यावर लासुर्ण्याचे तपासणी केंद्र बंद पडू नये, ते तिथे काम करणाऱ्या गावातल्या बायकांच्या हाती सोपवावे. समितीतल्या काहींना हे पटले नाही. डॉक्टर नसतील तर केंद्र म्हणजे नुसती खोली, सामान बारामतीला हलवावे, असे ते म्हणाले. पहिल्या दिवसापासून सरांबरोबर काम केलेली मी एकटीच उरले आहे. तेव्हा हे केंद्र कोणाचे, ते मीच सांगायला हवे.

सरांची पहिली भेट मुलाखतीत झाली. गृहविज्ञानाची पदवी घेऊन मी नोकरी शोधत होते. सर मूळचे सुप्याचे. तिथल्या बाजारात त्यांच्या वडिलांचा फळांचा गाळा होता. शहरातली चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून ते नुकतेच परत आले होते. आमच्या भागातली माणसे दिसायला काटक, तरी त्यांना मधुमेह इतक्या लवकर का गाठतो, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. वजनकाट्यावर माणूस बारीक भरला तरी पोटातली चरबी घात करत असावी, असा त्यांचा कयास होता.

त्यांनी मला मापाची पट्टी दिली आणि विचारले, "कमरेचे माप कसे घ्याल?"

मी म्हटले, "पुरुषांचे तुम्ही घ्या. बायकांचे साडीवरून घेतलेत तर खोटे येईल. निऱ्या, परकराची नाडी, सगळेच त्यात मोजले जाईल. आडोशाला नेऊन बाईनेच घ्यायला हवे."

शेजारी बसलेले तरुण डॉक्टर हसले. सर हसले नाहीत. "उद्यापासून या. आणि अशा आणखी बायका शोधा," एवढेच म्हणाले. या केंद्रात बायका मदतनीस म्हणून मागाहून आल्या, असे समितीतल्या ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे. काम सुरू झाले तेच बायकांपासून.

सरांच्या या संशोधनाच्या पद्धतीला इंग्रजीत एक भलेमोठे नाव आहे. ते मोठे नाव मला इथे लिहायचे नाही. प्रयोगशाळेत जे कळले ते माणसाच्या ताटापर्यंत न्यायचे, आणि ताटापाशी जे अडले ते पुन्हा प्रयोगशाळेत आणायचे, अशी ही दुहेरी वाट आहे. रात्रीचे जेवण लवकर घ्या, असे सांगणे सोपे असते. उसाला पाणी द्यायची पाळी रात्रीची असेल तर ते कसे घ्यायचे, हे सरांनी शेतावर जाऊन विचारले आणि त्याप्रमाणे आपला सल्ला बदलला.

त्यांचा खरेपणा कळावा म्हणून कोऱ्हाळे बुद्रुकची एक गोष्ट सांगते. तिथे आम्ही सकाळी घरोघर जाऊन उपाशीपोटी रक्त घेत होतो. आकडे चढे आले. धाकटे डॉक्टर खूश झाले. लेख लिहून तयार झाला. सरांना मात्र चैन पडेना. ज्या घरांत ते स्वतः गेले होते, नेमकी त्याच घरांतली साखर जास्त होती. आम्ही नुसत्या बायकाच गेलो होतो तिथली तेवढी नव्हती. सर मला घेऊन थेट आबांच्या ओट्यावर जाऊन बसले. आबा म्हणजे गावातले जुने ऊस बागायतदार.

"आबा, त्या दिवशी रक्त द्यायच्या आधी काही घेतलं होतं?"

"काय बी न्हाय. कोरड्या पोटी बसलो हुतो."

"पाणीसुद्धा न्हाय?"

"न्हाय म्हणतो न्हवं! तुमच्या संगट च्या घेतला, तेवढाच."

"आबा, अहो चहात साखर असती की!"

"आता सर, तुमी आमच्या दारात येनार आन् तुमाला एकट्याला च्या पाजून आमी तोंड बघत बसनार? ही कुठली रीत झाली?"

पाहुण्याने एकट्याने चहा पिऊ नये म्हणून घरोघरी सगळ्यांनी सरांना सोबत केली होती. आम्ही आडोशाला मापे घेत असताना ओट्यावर हे चालू होते. आम्हा बायकांना कोणी चहासाठी थांबवत नसे, म्हणून आमचे आकडे खरे आले. सरांनी तो लेख पाठवला नाही. धाकट्यांनी पुष्कळ विनवले, एवढी मेहनत वाया जाईल म्हणाले. सरांनी शाळेच्या पटांगणात गाव बोलावले आणि उभे राहून सांगितले, "चूक तुमची नाही. चहाला नाही म्हणायचा संकोच मी केला. रक्त पुन्हा द्यावे लागेल." गावाने पुन्हा रक्त दिले. त्यानंतर आमची रीतच बदलली. आधी रक्त, मग चहा, आणि चहा आमचा, बिनसाखरेचा.

आबांनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडे केले. "सर, ह्यो च्या हाय का काढा?"

"काढाच म्हणा आबा. पन पाव्हना एकटा पीत न्हाय, तुमीच सांगितलंय. घ्या!"

सरांचा जिव्हाळा मी घरीही अनुभवला. सासूबाईंच्या पायाची जखम चिघळली तेव्हा ते रोज येऊन, खाली बसून, स्वतः पट्टी बदलत. सासूबाई संकोचून पाय आखडून घेत आणि म्हणत, "डॉक्टर मानूस तू, जमिनीवर काय बसतोस?" सर म्हणत, "मावशी, तुमी खुर्चीवर चढून पाय दाखवलात तर पडाल. त्यापरास मीच खाली बरा." पाय वाचला. मी आभार मानायला गेले तर त्यांनी मला पाय तपासायला शिकवले आणि म्हणाले, "आता हे दहा जणींना शिकवा."

त्यांतल्याच एक लासुर्ण्याच्या सुमनताई. आज केंद्र त्या चालवतात. गेल्या वर्षी सरांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. ते घरी असेपर्यंत केंद्र एकदाही बंद राहिले नाही. त्या काळात एक ट्रॅक्टरवाले आले. पोटावरून हात फिरवत म्हणाले, "आमी खात्यापित्या घरची मानसं, पोट येनारच."

"येऊ द्या की दाजी," सुमनताई म्हणाल्या, "पन पोटाच्या आधी साखर येऊन बसलीय."

"मग द्या एखादी गोळी."

"गोळी डॉक्टर देत्यात. तुमाला डॉक्टरपत्तुर पोचवनं माझं काम. बसा रिक्षात."

सुमनताईंनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेऊन बसवले, आणि पुढच्या आठवड्यात गोळ्या घेतात का, हे बघायला घरी गेल्या. डॉक्टरांशिवाय केंद्र कसे चालेल, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. आपले काम कुठे संपते आणि डॉक्टरांचे कुठे सुरू होते, हे या बायकांना पक्के ठाऊक आहे. सरांनी पुष्कळ संशोधन केले, पण मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो या शिकवणीचा.

इथवरचा मजकूर मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. अध्यक्ष आनंदराव म्हणाले, "बाई, तुम्ही विनंती करताय की दम देताय?" मी म्हटले, "जे लागू पडेल ते समजा." ठराव झाला.

सर, तुम्ही शंभरी गाठा. चालत्या पायांनी आणि लख्ख डोक्याने गाठा. आम्हाला रागवायला तुम्ही हवे आहात.

सत्काराच्या सकाळी लासुर्ण्यात झालेल्या देवघेवीची नोंद: वजनकाटा, मापाच्या पट्ट्या, रक्तदाबाचे व साखर तपासण्याचे यंत्र, नमुने ठेवायची शीतपेटी आणि खोलीच्या किल्ल्या डॉ. बागवान यांनी सुमनताई व त्यांच्या सहकारी महिलांच्या हाती दिल्या. आनंदराव साक्षीला होते. ताबा मिळताच सुमनताईंनी सरांना खुर्चीत बसवले, रक्तदाब आणि साखर पाहिली, आणि मापाला उभे करून "सर, पोट आत वढू नका," असे बजावले. केंद्राकडून सरांना त्यांच्या तपासणीचा कागद देण्यात आला. शेरा: घेर वाढला आहे, तीन महिन्यांनी पुन्हा यावे.