कांजिण्या आणि कोर्टाचा हुकूम

दोन वर्षांची शिक्षा भोगून मी सुटले तेव्हा माझी लेक आठ वर्षांची झाली होती आणि मला "अहो आई, तुम्ही" म्हणायला लागली होती. सुनेनं सासूशी बोलावं तसं!

नोएडात तेव्हा रोज एक नवी कंपनी उघडायची. अशाच एका एक्स्पोर्टच्या ऑफिसात साहेबांनी पुढे केलेल्या खोट्या कागदांवर मी सह्या केल्या होत्या. अगदीच अजाण होते असं नाही, विचारायचं टाळलं. नवरा आधीच वारला होता. म्हणून धाकट्या नणंदेनं लेकीला दिल्लीत पहाडगंजला आपल्या घरी नेलं आणि कोर्टानं तिलाच पालक नेमलं.

मला वाटलं, आता जायचं आणि मुलीला घेऊन यायचं. वकील हसले. "ऐसे नहीं होता, मॅडम. पहले घर दिखाइए, नौकरी दिखाइए."

मग मी नोएडाच्या एका नव्या सेक्टरमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. इमारती आल्या होत्या, रस्ते यायचे होते. कपड्यांच्या कारखान्यात शर्टांची बटणं तपासायचं काम मिळालं. लेकीच्या ताब्यासाठी अर्ज केला, तर नणंदेनंच विरोध केला.

"वर्षभर थांब वहिनी," ती म्हणाली. "पोरगी म्हणजे काय सामान आहे, आज इथे, उद्या तिथे?"

तिचं निम्मं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. दर शनिवारी तासभर भेटायची परवानगी होती. लेक समोर ताठ बसायची, मी अभ्यासाचं विचारायचे आणि नणंद पोहे आणून ठेवायची. तिघींनाही ते संपत नसत.

अशात लेकीला कांजिण्या आल्या. नणंदेचं बाळ चार महिन्यांचं. तिचा कारखान्यात फोन आला, "वहिनी, मला काही सुचत नाहीये." हुकुमाप्रमाणे मुलीला घराबाहेर न्यायला मनाई होती, मला घरात यायला नव्हती. मी रजा टाकली आणि पिशवी घेऊन गेले.

गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघी पंधरा दिवस राहिलो. कडुलिंबाचा पाला, पत्ते आणि माझी अखंड बडबड. तिसऱ्या दिवशी तिनं खाजवू नये म्हणून मी तिचे हात धरून ठेवले तशी ती ओरडली, "आई, सोड ना यार! तू खूप वाईट आहेस!"

मी हातच सोडले. "परत म्हण," म्हटलं. तिला वाटलं, आईला वेड लागलं.

नणंद जेवणाचं ताट ठेवायला दारापर्यंत यायची आणि तिथेच रेंगाळायची. सगळं पाहत होती. पुढच्या तारखेला ती कोर्टात उभी राहिली आणि म्हणाली, "मेरा कोई विरोध नहीं. बस, छुट्टी में मेरे पास आए."

न्यायाधीशबाईंनी लेकीला एकटीला आत बोलावलं. काय बोलणं झालं ते तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही. बाहेर आली ती चॉकलेट खात. हुकूम माझ्या बाजूनं झाला.

निघताना नणंद रडली, लेक रडली. नोएडाच्या बसमध्ये लेक आत्यासाठी हुंदके देत होती आणि मी खिडकीबाहेर बघत तिला रडू देत होते. पुढे कितीतरी महिने ती घाईत मला "आत्या" म्हणून हाक मारायची आणि जीभ चावायची.

मी बिनतक्रार ओ द्यायचे.