तुळस द्यायची आहे, पण तिच्यावर कोणीतरी झोपतं

सेंगकांग-सेरंगूनकर मंडळी, सोफा गेला, सायकलही गेली. आता फक्त तुळस उरली आहे. बायको आणि मुलगी सिंगापूर सोडून पुण्याला परतल्या. मी शनिवारी हा फ्लॅट सोडून क्वीन्सटाउनला एका खोलीत जातोय, आणि तिथे कुंड्या चालत नाहीत.

आज सकाळी कॉरिडॉरमध्ये पाणी घालायला गेलो, तर मंजिरीला एक मधमाशी लटकलेली. काळी, अंगावर चमकदार निळे ठिपके. नुसत्या जबड्याने काडी धरलेली. मेली असेल म्हणून फुंकर मारली, तर तिने एक पाय हलवला.

मुलीला फोटो पाठवला. एरवी तिचा नुसता अंगठा येतो. आज चक्क फोन आला.

"बाबा, ही रेअर आहे! ही घरटं बांधतच नाही. निळ्या पट्ट्यांच्या मधमाशीच्या घरट्यात अंडं घालते, कोकिळेसारखं. त्या माश्या असतील तिथेच ही सापडते."

"मग झोपते कुठे?"

"अशीच, काडी चावून. उठवू नकोस लाह!"

पुण्यात सहा महिने झाले, तरी तिचा सिंगापुरी 'लाह' गेलेला नाही.

फोन ठेवला आणि हे बायकोला सांगायला आत वळलो. हॉल रिकामा.

तर, तुळस कोणाला हवी आहे का? फुकट आहे. फक्त न्यायला सकाळी दहानंतर या, तोवर माशी उठून गेलेली असेल. आणि चहा घेऊन जा. दोन कप अजून पॅक केलेले नाहीत.