चौतीस नंबरचा पाव्हणा

पाव्हण्याला स्वतःच्या राहण्याच्या सगळ्या खुणा पुसायला चार मिनिटं लागत. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. सतरंजी गुंडाळून पलंगाखाली, ब्रश-साबण बॅगेत, ओला टॉवेल माझ्या टॉवेलखाली आणि चपला खोलीत, कपाटावर. चपला महत्त्वाच्या होत्या. आमचे रेक्टर फेरीला निघाले की आधी दाराबाहेरचे जोड मोजत. दोघांच्या खोलीबाहेर तीन जोड दिसले तरच दारावर थाप पडायची.

परभणीच्या कृषी विद्यापीठात मी आणि सेलूचा सतीश एम.एस्सी. करत होतो. खोलीत दोन पलंग होते, दोन टेबलं होती आणि कागदोपत्री दोनच माणसं. हा तिसरा. पदवीपर्यंत तो आमच्याच वर्गात होता. पुढे त्याचा नंबर लागला नाही, आणि त्याने हॉस्टेल सोडलं नाही. अशा मुलांना तिथे ‘पॅरासाइट’ म्हणतात. सतीशने त्याला पाव्हणा केलं.

“काय पाव्हणं, मुक्काम किती दिवस?” तो येताजाता विचारायचा.

“पोस्ट निघाली की निघालो. जाताना आहेर करा म्हंजे झालं.”

पोस्ट म्हणजे कृषी अधिकाऱ्याची. तिच्या परीक्षेसाठी तो ग्रंथालयात दिवसभर बसे. संध्याकाळी माझ्या प्रयोगाच्या प्लॉटवर येऊन सोयाबीनच्या झाडांची उंची मोजे. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा उकाड्याने कंटाळून मी शेवटच्या ओळीचे आकडे अंदाजाने भरले. त्याने वही हातातून घेतली.

“मोजल्याबिगर लिहू नको. तुला कंटाळा आला म्हणून झाड वाढायचं थांबतंय का?”

माझ्या प्रबंधातली निम्मी मोजमापं त्याच्या अक्षरात आहेत. आभाराच्या पानावर त्याचं नाव घालता आलं नाही.

आकड्यांबाबत असा काटेकोर असलेला हा माणूस घरी मात्र खोटं बोलत होता. एम.एस्सी.ला नंबर लागला, असं त्याने सांगितलं होतं. पूर्णेजवळच्या गावाहून वडिलांचा फोन आला की आम्ही गप्प होत असू. “हां आबा, खोलीतच हाय. चौतीस नंबर. वाचायलोय.” खरं सांगून का टाकत नाहीस, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, “आबा पारावर सांगून बसलेत सगळ्यांना. आता पास झाल्याबिगर कोणत्या तोंडानं सांगू?”

परीक्षा नऊ दिवसांवर असताना त्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. विद्यापीठाचा दवाखाना पाच मिनिटांवर होता. तिथे ओळखपत्र लागे आणि खोली नंबर लिहून घेत.

“माझं कार्ड घे,” सतीश म्हणाला.

“तुझ्या नावानं रक्त तपासू का? उगं काहीतरी. सापडलो तर तुमचं दोघांचं हॉस्टेल जाईल. थीसिस जमा व्हायचाय तुमचा.”

शहरात दुसरे दवाखाने होते. तिथे न्यायचं आम्हाला सुचलं नाही, असं मी पुढे अनेकांना सांगितलं. सुचलं होतं. पण भरती केलं असतं तर आबांना परभणीला बोलवावं लागलं असतं, आणि सगळं उघडं पडलं असतं. तो नको म्हणाला. आम्ही ऐकलं, त्यात आमचीही सोय होती. सकाळच्या पॅसेंजरला त्याला बसवून दिलं. “मेसचं पाणी बाधलं म्हणून सांगतो घरी,” तो खिडकीतून म्हणाला. गाडी हलली तेव्हा मला हलकं वाटलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी तो नांदेडच्या दवाखान्यात वारला. डेंग्यू होता. हॉस्टेलमध्ये कुणी मुलगा गेला की फलकावर फोटो लागतो, मेस एक वेळ बंद राहते. याच्यासाठी काही झालं नाही. रजिस्टरला त्याचं नाव नव्हतं.

पंधरा दिवसांनी आबा सामान न्यायला आले. त्यांना आधी रेक्टरसाहेबांना भेटायचं होतं. पोराला सांभाळलं म्हणून आभार मानायचे होते. “साहेब गावाला गेलेत,” मी सांगितलं. साहेब कार्यालयात बसलेले होते.

खोलीत आल्यावर आबांनी दोन्ही पलंग पाहिले.

“माझ्या लेकराचा कोणता?”

सतीशने स्वतःचा पलंग दाखवला. “हा, आबा. खिडकीजवळचा.”

ते काठावर बसले. गादी हाताने दाबून पाहिली. उशी सरळ केली.

“बरी हाय जागा,” ते म्हणाले. “वारं लागतंय.”

ते अर्धा तास तिथे बसून राहिले. सतीश तेवढा वेळ उभाच होता.