झुनिल्दाच्या त्रेचाळीस चुका

आमच्या एन्कार्नासिओनच्या तंत्रसंस्थेत झुनिल्दा बेनितेस संगणकखोली सांभाळते. किल्ल्या तिच्याकडे, झाडलोट तिच्याकडे आणि सकाळच्या तेरेरेसाठी, म्हणजे आमच्याकडच्या पाल्याच्या गार चहासाठी, बर्फाच्या पाण्याचा थर्मासही तिचाच. सव्वीस वर्षांपूर्वी ती इथेच विद्यार्थिनी होती. पहिल्याच आठवड्यात यंत्राने तिच्या दहा ओळींच्या प्रोग्राममध्ये त्रेचाळीस चुका काढल्या. तो छापील कागद पर्समध्ये घालून ही जी घरी गेली, ती परतली ते थेट किल्ल्या सांभाळायला.

यंदा तिने पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातलं. कंपायलर, म्हणजे पोरांचा प्रोग्राम वाचून चुका दाखवणारा तो यंत्रातला खडूस मास्तर, निवडायचं काम त्या वर्गाला शिकवणारी म्हणून माझ्याकडे होतं.

"बाई, कुठलाही निवडा," ती म्हणाली, "पण पुन्हा त्रेचाळीस आल्या तर माझा झाडूच बरा."

तिने तो कागद दाखवला. वाचून माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकायचा राहिला होता. बाकीच्या बेचाळीस ही त्याचीच पिलावळ. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. एवढ्या वर्षांची भीती नुसती सांगून जात नाही.

आमचे संचालक इन्स्फ्रान साहेब. त्यांना मोठ्या कंपन्यांत चालतो तो कंपायलर हवा होता. मला हवा होता छोटा, पहिल्या चुकीपाशी थांबून साध्या स्पॅनिशमध्ये बोलणारा.

"ते खेळणं आहे," साहेब म्हणाले.

"मग बसा की खेळायला."

त्यांनी ऐटीत प्रोग्राम लिहिला. ते तेरेरे प्यायला वळले तसा मी त्यातला एक अर्धविराम खोडला. मोठ्या कंपायलरने एकतीस चुका ओकल्या. साहेब ओळ न् ओळ चाळत बसले. थर्मासातला बर्फ वितळला तरी मूळ काही सापडेना. छोट्याने एकच सांगितली: चौथ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नाही.

"भलत्याच आगाऊ आहात," ते म्हणाले, पण छोट्याच्या मंजुरीवर सही केली.

पहिल्या तासाला झुनिल्दा पुढच्याच बाकावर. दहा ओळी लिहिल्या, कळ दाबली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"किती आल्यात, बाई?"

"एक."

तिने डोळे उघडले, वाचलं, अर्धविराम घातला. प्रोग्राम चालला आणि पडद्यावर तिचं नाव उमटलं. मग पर्समधला कागद काढून तिने त्यातल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे तेव्हाही..."

"तेव्हाही एकच होती गं."

"मग मी ढ नव्हतेच की," ती म्हणाली, आणि कागदाची घट्ट घडी घालून तिने ती डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सारली.