हत्याराला सहा, माणसाला आठ

"चला, आंघोळ करून घ्या," शेडचे साहेब म्हणाले, आणि हवेचा पाइप माझ्या तोंडावर धरला.

मी डोळे मिटले. ओढणी उडाली, गळ्याभोवती गुंडाळली गेली. कोळशाची धूळ नाकात, कानात, दातांत. मागे रांगेत बारा जण हात वर करून उभे. साहेब हसले. आम्हीही हसलो. साहेब हसले की हसायचं असतं.

हे रोजचं होतं. बल्लारपूरजवळच्या एका शेडमध्ये आम्ही कोळशाचे डंपर दुरुस्त करतो. कंपनीच्या माणसांना बेसिन आहे, साबण आहे. आम्ही ठेकेदाराची माणसं. आमच्या धुळीनं कॅन्टीनचे बाक खराब होतात म्हणे, म्हणून जेवणाआधी आम्हाला हवा मारून साफ करायचे. यंत्राचा सुटा भाग साफ करतात, तसं.

मी आयटीआय झालेली फिटर आहे. आरमोरीपलीकडच्या जंगलातल्या आमच्या गावातली पहिली. चाकाचे नट खोलायची हवेवरची गन जोडायची, हे माझं काम, आणि ते मला चांगलं येतं. आधी व्हॉल्व्ह बंद करायचा. पाइपातली उरलेली हवा काढून टाकायची. पाइप कुठं चिरला तर नाही ना, हात फिरवून बघायचं. मग पाइप घट्ट धरून त्याचं तोंड भिंतीकडं करायचं, माणसाकडं कधीच नाही, आणि क्षणभर हवा सोडून आतलं पाणी, कचरा काढायचा. पुन्हा बंद. गनला दोन थेंब तेल पाजायचं. पाइपाचं कपलिंग गनवर टक्क वाजेपर्यंत दाबायचं, ओढून बघायचं, जोडावर साखळी लावायची. शेवटी व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. घाई केली आणि पाइप सुटला, तर तो समोर येईल त्याला फोडून काढतो.

आणि हवेचा दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरचा काटा सहावर. त्याच्या वर नाही. साहेबांची सक्त ताकीद होती. गन महाग आहे.

आम्हाला साफ करायच्या पाइपाला रेग्युलेटरच नव्हता. थेट कॉम्प्रेसरच्या टाकीची हवा. टाकीचा काटा आठवर. दोन वर्षं मी दोन्ही काटे रोज बघत होते आणि एकदाही काही मनात आलं नाही. मला साहेबांपेक्षा माझाच जास्त राग येतो.

त्या दुपारी अंग नुसतं मोडून आलं होतं. सकाळपासून चार चाकं उतरवली होती. जेवणाची घंटा झाली. साहेब अजून ऑफिसातून बाहेरही आले नव्हते, आणि माझे हात आपोआप वर गेले.

कुणी म्हटलं नव्हतं. पाइप तिथंच खुंटीला टांगलेला होता. मी माझ्या हातांकडं बघितलं आणि ते खाली घेतले.

मी रांगेतून निघाले. व्हॉल्व्ह बंद केला. पाइपातली हवा भिंतीकडं सोडून दिली. साहेब आले, पाइप उचलला, दाबला. नुसतं फुस्स झालं.

"कोणं बंद केली?"

"मी."

"काऊन?"

"माणसाच्या अंगावर हवा मारत नाईत, साहेब. डोळा जाते, कान जाते. आमाले साबण द्या."

"साबण?" साहेब रांगेकडं वळून म्हणाले, "जंगलात साबण लागत होता का हिले?"

रांग हसली. माझीच माणसं हसली. ते मला साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"चालू कर."

"नाई करत."

माझा हात व्हॉल्व्हवर होता. साहेबांनी तो बघितला. पण पुढं आले नाहीत.

"उद्यापासून येऊ नको," एवढं बोलून ते जेवायला गेले.

पहारेकऱ्यानं धुळीच्या कपड्यांत कुणाला कॅन्टीनमध्ये सोडलं नाही. सगळे शेडबाहेर उन्हात जेवले. एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "इच्यामुळं आज बाहेर बसा लागलं." मी डबा उघडला.

आमचे जुने मेकॅनिक जाकीरभाऊ डबा घेऊन माझ्याजवळ बसले.

"बाई, तीन वर्षांपासून कान वाजून राह्यला माया," ते म्हणाले. "रात्रंदिवस. इथंच झालं ते."

"मंग सांगतलं काऊन नाई, भाऊ?"

"कोणाले सांगू?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेले.

गन जोडण्याची रीत मला तोंडपाठ होती. माणूस त्या रीतीत कुठं बसतो, हे मला कुणी शिकवलं नाही. ते मी त्या दुपारी, थकलेल्या अंगानं, एकटीनं शिकले. उद्याही मी शेडवर जाणार आहे. फाटकावर अडवलं तर तिथंच उभी राहीन, कामावर घेतलं तर गन जोडीन. पण मी त्या शेडमध्ये असताना माणसावर हवा सोडायची असेल, तर आधी मला व्हॉल्व्हपासून ओढून काढावं लागेल.