कार्यमुक्त

शाळेचं ऑफिस जिन्याखाली आहे. खोलीचं छत उतरतं, त्यामुळे एका टोकाला माणूस उभा राहू शकतो आणि दुसऱ्या टोकाला फक्त बुटकं कपाट. वर तास सुटला आणि मुलं जिना उतरू लागली की खाली बोलणं थांबवावं लागतं. खिडकीच्या काचेला तळाशी हात जाईल एवढी अर्धगोल खाच आहे. त्या खाचेतून तीस वर्षं शाळा सोडल्याचे दाखले बाहेर देणाऱ्या लिपिक बाईंना मुलं, पालक आणि शिक्षकही दाखलेबाई म्हणतात.

त्यांच्या स्मरणशक्तीच्या गोष्टी शाळेत सांगितल्या जातात. त्यातली एक अशी. पन्नाशीचा एक गृहस्थ खिडकीशी आला.

"दाखला हवा होता. जुना आहे."

"शाळा कधी सोडली?"

"साल नाही आठवत. त्या वर्षी मागची भिंत पडली होती बघा."

"मग सातवं रजिस्टर. भिंत पडली तेव्हा आठवीत होता का नववीत?"

"आठवीत. दोनदा."

"मग आठवलात. बसा."

बाई तेविसाव्या वर्षी कनिष्ठ लिपिक म्हणून लागल्या आणि आजही कनिष्ठच आहेत. मुख्य लिपिक व्हायला शिक्षण कार्यालयाचं बारा दिवसांचं प्रशिक्षण लागतं. नोंदी, सेवेचे नियम आणि अलीकडे संगणक. अटी दोनच: शाळेने नाव पाठवायचं आणि वय पन्नासच्या आत हवं. बाईंच्या नोकरीत या प्रशिक्षणाची पत्रं चार वेळा आली. त्यातली तीन त्यांच्यासाठी होती.

पहिलं आलं तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. तेव्हाचे मुख्याध्यापक पत्र वाचून हसले. "बाई, तुम्ही बारा दिवस गेलात तर शाळेला कुलूप लावावं लागेल." बाईंना ते ऐकून बरं वाटलं, हे त्या लपवत नाहीत. घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि प्रत्येक वाक्यावर काहीतरी कोटी करायचा. तो म्हणाला, "कुलूप लावायला तरी तूच लागशील. किल्ल्या तुझ्याकडेच आहेत."

कार्यालयाला उत्तर पाठवायचं होतं. शाळेची सगळी उत्तरं बाईच लिहीत, मुख्याध्यापक सही करत. म्हणून हेही बाईंनीच लिहिलं. "सदर कर्मचारी कार्यालयाचे संपूर्ण कामकाज एकहाती पाहत असल्याने त्यांना प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करता येणार नाही." स्वतःबद्दल 'सदर कर्मचारी' लिहिताना थोडं हसू आलं, एवढंच त्यांना आठवतं.

दुसरं पत्र आठ वर्षांनी आलं. आता मुख्याध्यापिका होत्या आणि परीक्षा तोंडावर होत्या. उत्तर पुन्हा बाईंनी लिहिलं. या वेळी त्यांनी 'व्यापक शैक्षणिक हित लक्षात घेता' अशी भर घातली. मुख्याध्यापिकांनी दोनदा वाचून म्हटलं, "किती छान लिहिता हो तुम्ही."

पंचवीस वर्षं झाली तेव्हा शाळेने बाईंचा सत्कार केला. सन्मानपत्रात काय लिहायचं हे कोणालाच सुचेना, तेव्हा हल्लीचे मुख्याध्यापक म्हणाले, "तुमची माहिती तुम्हालाच नीट ठाऊक. तुम्हीच एक मसुदा करून द्या ना." बाईंनी तो केला. 'यांच्याशिवाय शाळेचे पान हलत नाही' हे वाक्य मात्र सरांचं होतं, ते त्यांनी भाषणात पदरचं घातलं. सभागृहात टाळ्या वाजल्या. शिपाई बाईंच्या कानाशी म्हणाला, "पान हलवणाऱ्या म्हणजे आता तुम्ही पंखाच म्हणायच्या."

तिसरं पत्र त्याच वर्षी आलं. बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या आणि पन्नाशीआधी पुढचं पत्र येईलच अशी खात्री नव्हती. या वेळी त्यांनी उत्तराच्या कच्च्या कागदावर आपलं नाव घातलं आणि तो सरांपुढे ठेवला. सरांनी पेन उचललं, नावावर एक रेघ ओढली आणि प्रेमाने म्हणाले, "तुम्हाला काय शिकवणार ते? तुम्हीच त्यांना शिकवाल. नेहमीचं लिहा."

'नेहमीचं' टाईप करायला टायपिस्टकडे गेलं.

ही टायपिस्ट चार वर्षांपूर्वी हंगामी म्हणून लागली होती. बाईंना ती ताई म्हणे. पहिल्या दिवशी जन्मतारीख अक्षरात कशी लिहायची हे बाईंनी तिला तीन तास शिकवलं होतं. "एक आकडा चुकला तर तो माणूस साठाव्या वर्षी तुझ्या नावानं बोटं मोडेल," असं सांगून. हातचं काही राखलं नाही, हे दोघीही सांगतात. टायपिस्टने तो कागद वाचला आणि वर पाहिलं.

"ताई, हे तुमच्याबद्दल आहे."

"माहितेय. टाईप कर."

"तुम्ही सरांना काही बोलत का नाही?"

"काय बोलायचं? चार ओळी आहेत. कर लवकर, टपाल जायचंय."

त्या उन्हाळ्यात टायपिस्टने एक काम काढलं. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. कपाटातली एकोणीस रजिस्टरं ती एकेक करून काढायची आणि प्रत्येक नाव, रजिस्टर आणि पान संगणकात भरायची. तीन सुट्ट्या लागल्या. चौदा हजारांवर नावं झाली. सगळ्यांनी कौतुक केलं आणि बाईंनीही केलं. मग एके दिवशी खिडकीशी एक म्हातारी आली. बाई नेहमीप्रमाणे कपाळाला बोट लावून आठवू लागल्या, आणि मागून आवाज आला, "रजिस्टर चार, पान दोनशे बारा." पान बरोबर निघालं. म्हातारीने टायपिस्टला आशीर्वाद दिला. बाई हसल्या आणि त्यांनी दाखला लिहायला घेतला. त्यानंतर हळूहळू भिंत कधी पडली आणि घंटा कधी चोरीला गेली, हे विचारायची गरज कोणाला राहिली नाही.

चौथं पत्र आलं तेव्हा बाई बावन्न वर्षांच्या होत्या. त्यांचा प्रश्नच नव्हता. पण या पत्रात नवी ओळ होती. हंगामी कर्मचाऱ्यांचं नावही पाठवता येईल, आणि प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांचा कायम करताना आधी विचार होईल. शाळेत हंगामी एकटी टायपिस्ट होती. आठ वर्षं होत आली होती. दोन लहान मुलं आणि आजारी सासरा असलेल्या घरात तिला ही नोकरी दर वर्षी नव्याने धरावी लागे.

त्या दिवशी ती रजेवर होती, मुलाला ताप होता. सर कुठल्याशा बैठकीला निघाले होते. दारातच बाईंनी पत्र पुढे केलं. सरांनी वरवर पाहिलं. "तुम्ही बघा ना. पाठवायचं तर पाठवा, नाहीतर नेहमीचं लिहा. मी येऊन सही करतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा निर्णय बाईंच्या हातात आला होता.

त्या जागेवर येऊन बसल्या. महिनाअखेरपर्यंत हजार मुलांची माहिती कार्यालयाच्या नव्या प्रणालीत भरायची होती आणि ते काम टायपिस्टशिवाय होणार नव्हतं. हे कारण खरं होतं. पुढच्या वर्षी पाठवू, असंही त्यांच्या मनात आलं. तेही खरं होतं, असं त्या म्हणतात. मग पुढे सांगतात, "पण मला कुणी पुढच्या वर्षी पाठवलं होतं? हेही मनात आलंच की. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी नेहमीचं लिहिलं, हाताने, मोत्यासारख्या अक्षरात. फाईल काढायचीही गरज पडली नाही. संध्याकाळी सरांनी इतर अकरा कागदांबरोबर त्याच्यावर सही केली.

दुसऱ्या दिवशी टायपिस्ट कामावर आली. बाईंनी मुलाच्या तापाची चौकशी केली. तिने विचारलं, "काल काही विशेष टपाल?"

"नेहमीचंच," बाई म्हणाल्या.

वर्षभराने आदेश आला: प्रशिक्षण न घेतलेल्या हंगामी कर्मचाऱ्यांना सत्रअखेरीस कमी करावं. बाईंनी सरांना विनंतीपत्र लिहायला लावलं, म्हणजे लिहिलं आणि सही घेतली. मग अर्धी रजा टाकून स्वतः शिक्षण कार्यालयात गेल्या. आयुष्यात प्रथमच त्या दुसऱ्याच्या खिडकीसमोर रांगेत उभ्या होत्या. आतल्या अधिकाऱ्याने शाळेची फाईल काढली आणि एक कागद त्यांच्याकडे फिरवला.

"अहो, तुमच्याच शाळेनं कळवलंय की पाठवता येत नाही. आम्ही जागा दुसऱ्या शाळेला दिली. आता काय करणार?" मग कागद परत घेताना तो म्हणाला, "भाषा मात्र झकास आहे. कोण लिहितं तुमच्याकडे?"

"मीच."

त्याने फाईल बांधली.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भिंग डोळ्याला लावून एक घड्याळ उघडून बसला होता. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मी," बाई म्हणाल्या. नवऱ्याने भिंग काढलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं. कोटी केली नाही.

सत्राच्या शेवटच्या दिवशी टायपिस्टला सोडण्याचं पत्र निघायचं होतं. सरकारी मराठीत प्रशिक्षणाला जायला मोकळीक देणं आणि नोकरीतून मोकळं करणं, दोन्हींना शब्द एकच. वर्षापूर्वी ज्या टेबलावर बाईंनी 'कार्यमुक्त करता येणार नाही' लिहिलं, त्याच टेबलावर त्यांनी 'कार्यमुक्त करण्यात येत आहे' लिहिलं. टाईप करायला शाळेत एकच व्यक्ती होती. तिने कागद यंत्राशेजारी लावला आणि मान न वळवता विचारलं, "ताई, मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर?"

"मध्यान्होत्तर. म्हणजे आजचा दिवस तुझा धरला जाईल."

ती हो म्हणाली. टाईप झाल्यावर तिने एक चूक खोडली, पुन्हा छापलं, स्वतःच्या प्रतीवर 'मिळाली' म्हणून सही केली आणि नावांची यादी संगणकात कुठे ठेवली आहे ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. वर तास सुटला. जिन्यावरून मुलं उतरू लागली, आणि ती थांबेपर्यंत दोघींनी काहीच बोलायचं नव्हतं. जिना रिकामा झाल्यावर बाईंनी चिठ्ठी कपाटात ठेवली.

चार महिन्यांनी बाई तिला भेटायला गेल्या. ती आता डोळ्यांच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. नंबर घेऊन बसल्याशिवाय आत बोलावत नाहीत, म्हणून बाईंनी नंबर घेतला. एकविसावा. त्यांचा नंबर आला तेव्हा टायपिस्टने सवयीने विचारलं, "नाव?" आणि वर पाहिलं.

"ताई! डोळ्यांना काय झालं?"

"डोळे ठीक आहेत. अनुभवाचं प्रमाणपत्र आणलंय तुझं. आणि एक सांगायचंय." बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. "ते प्रशिक्षणाचं पत्र सरांचं नव्हतं. मी लिहिलं. त्यांनी माझ्यावर सोडलं होतं."

"माहितेय मला."

"कसं?"

"तुम्ही पाकीट शिपायाला दिलंत ना, त्यावर जावक क्रमांक नव्हता. तो नेईना. म्हणाला, बिननंबरचा कागद दाराबाहेर न्यायचा नाही, बाईंनीच शिकवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे घेऊन आला. नंबर मी टाकला. विषय लिहावा लागतो, म्हणून वाचलं."

"आणि तू वर्षभर बोलली नाहीस?"

"आठवडाभर वाट बघितली, तुम्ही सांगाल म्हणून. मग वाटलं, विचारलं तर तुम्हाला खोटं बोलावं लागेल." तिने टेबलावरचं रजिस्टर सरळ केलं. "राग आला होता. नाही असं नाही."

"आता?"

"आता इथे काम खूप असतं, ताई."

मागे बाविसावा नंबर उभा होता, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला. तो म्हणाला, "बाई, आटपा." टायपिस्टने प्रमाणपत्र वाचलं. बाईंनी ते दोन पानी लिहिलं होतं. यादीचं काम, चौदा हजार नावं, स्वतःहून केलेलं, सगळं होतं त्यात. तिने एका ओळीखाली नखाने खूण केली.

"इथे नऊ वर्षं लिहिलंय. आठ वर्षं अकरा महिने झाले होते."

"राहू दे गं. नऊच म्हण."

"नको. बदलून द्या."

बाई परत गेल्या आणि त्यांनी प्रमाणपत्र नव्याने लिहिलं. आता टाईप करणारं कोणी नाही, त्यामुळे हातानेच. सरांची सही घेतली, जावक क्रमांक स्वतः टाकला आणि टपालाने पाठवलं. आठ दिवसांनी पोच आली. तिच्यावर सही आणि तारीख होती, खाली एक ओळ लिहायला जागा होती, ती कोरी होती. बाईंनी पोच फाईलला लावली. कार्यालयाचं पुढचं पत्र आलेलं नाही, आणि आलं तर शाळेत पाठवायला आता कोणी नाही.